फोनवरचे साहेब

नऊ सेकंदांचं रेकॉर्डिंग घेऊन निरीक्षक स्वतः प्रयोगशाळेत आले, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एरवी असली पाकिटं शिपायाच्या हाती यायची, सील ठोकलेली, आणि पाळी येईपर्यंत लोखंडी कपाटात पडून राहायची. पोलीस निरीक्षक स्वतः पाकीट आणतात, वर खुर्ची ओढून बसतात, याचा अर्थ त्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ते फक्त सहीसाठी आलेत.

"फार काही नाही मॅडम," निरीक्षक म्हणाले. "आवाज कुणाचा ते सगळ्यांनी ओळखलंय. तुम्ही फक्त कागदावर हो म्हणा."

"सगळ्यांनी ओळखलंय तर माझ्याकडे कशाला आणलंत?"

"कोर्ट ऐकत नाही ना."

"म्हणून तर मला ऐकावं लागतं," असं म्हणत बाईंनी पाकिटावरचं सील भिंगाखाली धरलं.

बाई बावीस वर्षं हेच काम करत होत्या. कुणीतरी फोनवर काहीतरी बोलायचं, मग तो मी नव्हेच म्हणून हात झटकायचे, आणि ते बोलणं बाईंच्या टेबलावर येऊन पडायचं. आवाज त्याचाच का, एवढंच त्यांनी सांगायचं. या कामानं त्यांचा स्वभाव संशयी केला, की मुळात संशयी म्हणूनच त्या या कामात टिकल्या, हे त्यांच्या नवऱ्यालाही सांगता येत नसे. घरी त्यांच्याशी फोनवर खोटं बोलायची सोय नव्हती. "मी लायब्ररीत आहे," असं लेक म्हणाली की बाई विचारत, "मग मागे जिन्यातला आवाज का घुमतोय?"

प्रकरण असं होतं. शहराला पाणी देणाऱ्या पंपिंग स्टेशनात जमिनीखालून जाणारा एक लांब बोगदा होता. वर्षातून एकदा त्याच्या तोंडाचा पोलादी दरवाजा बंद ठेवून आतला गाळ काढत. त्या दिवशी तीन कामगार आत उतरले होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास कंट्रोल रूमचा फोन वाजला. त्या फोनवरचं सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड होत असे. ऑपरेटरनं हुकमाप्रमाणे दरवाजा उघडला आणि पाणी आत घुसलं. दोन कामगार आधीच वर आलेले होते. तिसरा, तिघांतला सगळ्यात वयस्क, आतच होता.

नियम स्पष्ट होता. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून माणसं मोजायची आणि मगच दरवाजा उघडायला सांगायचं. हा हुकूम फक्त तिथल्या अभियंत्यानं द्यायचा. ऑपरेटर शपथेवर सांगत होता की फोन अभियंता साहेबांचाच होता. साहेब म्हणत होते, मी फोन केलाच नाही, मी त्या वेळी गोदामात मोटार बघत होतो. गोदामात ते एकटेच होते.

बाईंनी हेडफोन चढवले.

"हॅलो, कंट्रोल? दरवाजा उघडा, बरं का. तिघंही वर आलेत. एकदम नको, दमादमानं उघडा, बरं का."

आवाज भारदस्त, संथ, किंचित घोगरा. हुकूम देऊन देऊन मुरलेला. मागे पंख्याची बारीक घरघर.

"अभियंत्याच्या ऑफिसातल्या फोनवरून आलाय," निरीक्षक म्हणाले. "ऑफिसला कडी-कुलूप नसतं, कुणीही आत जाऊ शकतं, असं त्यांचा वकील म्हणतो. पण आवाज तर कुणी उचलून नेत नाही ना?"

बाईंनी तेच नऊ सेकंद पुन्हा लावले.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांना नमुना द्यायला प्रयोगशाळेत आणलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. अटक होऊन जामिनावर सुटला होता, तरी भांग सरळ होता. बाईंनी त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, समोर मायक्रोफोन ठेवला आणि कागद दिला. कागदावर फोनवरचीच वाक्यं होती, अधेमधे इतर मजकूर.

"नेहमीसारखं वाचा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मायक्रोफोनकडे पाहिलं आणि कॉलरमध्ये बोट घालून ती सैल केली. मग वाचायला लागले. आवाज एकदम खाली गेला. एकेक शब्द असा येत होता, जणू शेवाळलेल्या दगडावर पाय जपून ठेवताहेत. मध्येच थांबायचे, घसा खाकरायचे, पुन्हा सुरू करायचे. पाच वेळा वाचून घेतलं. पाचही वेळा वेगळं.

काचेच्या पलीकडे निरीक्षक हसले. "बघा कसं नाटक चाललंय. चोराच्या मनात चांदणं."

बाईंनाही तसंच वाटलं. आवाज बदलू पाहणारी माणसं त्यांनी ढिगानं पाहिली होती. कुणी नाकात बोले, कुणी कुजबुजे, एकजण तर गालात सुपारी ठेवून आला होता. पण बदललेला आवाज फार वेळ पेलत नाही. म्हणून बाईंनी कागद बाजूला ठेवला. मशीन चालूच आहे, असं साहेबांना सांगितलं आणि पंपांबद्दल विचारलं.

पाच मिनिटांत माणूस सैलावला. पंप कसा तापतो, कुठली मोटार कधी बदलली, वरिष्ठांना कितीदा लिहिलं. अर्धा तास गेला. बोलणं संथ होतं, पण बरं होतं. एक गोष्ट बाईंनी वहीत टिपून ठेवली. पंपिंग स्टेशनातल्या चार दरवाज्यांचा हा कारभारी अर्ध्या तासात एकदाही 'दरवाजा' म्हणाला नव्हता. प्रत्येक वेळी 'गेट'.

"तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? गेट की दरवाजा?" बाईंनी सहज विचारलं.

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "गेट," ते म्हणाले.

म्हणजे हा शब्द टाळतोय, बाईंच्या मनात आलं. टाळतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

संगणकानं आकडा दिला. त्याच वयाच्या आठ परक्या पुरुषांचे आवाज बाईंनी सोबत घातले होते. त्या सगळ्यांपेक्षा फोनवरचा आवाज साहेबांच्या जास्त जवळ होता. विभागप्रमुखांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "मग अडलंय कुठं?"

"आणखी चार दिवस द्या."

"वर्तमानपत्रं मागे लागलीयत. एक माणूस मेलाय."

"दुसरा उगाच आत जाऊ नये म्हणून म्हणते."

पण खरं तर बाईंना साहेबांची दया वगैरे आली नव्हती. त्यांना नुसता संशय आला होता आणि तो नेमका कशाचा, तेच हाती लागत नव्हतं. नऊ सेकंदांत दोनदा 'बरं का'. साहेबांच्या अर्ध्या तासाच्या गप्पांत 'बरं का' चारदा. घोगरेपणा साहेबांच्या आवाजात होता, पण फोनवर तो जास्त होता. संथपणाही तसाच. फोनवरचा माणूस साहेबांपेक्षा जास्त साहेब होता.

बाईंनी निरीक्षकांना फोन केला. "मला त्यांचं जुनं बोलणं हवंय. अटकेच्या आधीचं, सहज बोललेलं."

"घरच्यांकडे असेल. पण बायको काय, नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार."

"मला तिचं बोलणं नकोय. तिच्या फोनमधलं त्यांचं हवंय."

साहेबांची बायको दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली. पंचेचाळीसच्या आसपासची, शाळेत शिक्षिका. पर्समधून फोन काढून तिनं टेबलावर ठेवला आणि त्यावरून हात लगेच काढला नाही.

"एक्केचाळीस निरोप आहेत," ती म्हणाली. "मी मोजलेत. आवाजातले. त्यांना लिहायचा कंटाळा."

"कशाबद्दलचे?"

"उशीर होईल, जेवून घे. मीटिंग आहे, भाजी मी आणतो. असलेच. नवरा-बायकोत दुसरं काय असतं." तिनं फोन जवळ ओढला. "एक वेगळा आहे. तीन वर्षांपूर्वीचा. तो ऐका म्हणजे कळेल तुम्हाला, हा माणूस कुणाच्या जिवाशी खेळणारा नाही."

तिनं तो लावला.

"काळजी करू नकोस, बरं का. डॉक्टरकडे दोघं मिळून जाऊ. मी आहे ना. होईल सगळं नीट."

निरीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले.

"छातीत गाठ लागली होती मला," बायको म्हणाली. "साधी निघाली पुढं. पण त्या दिवशी मी ऑफिसात फोन केला आणि रडायलाच लागले. यांनी ऐकून घेतलं नि फोन ठेवून दिला. मला इतकं वाईट वाटलं. मग पाच मिनिटांनी हे आलं. फोन दोनदा बदलला मी, पण हे पुसलं नाही."

"फोनवर छान बोलतात," बाई म्हणाल्या.

"फोनवर मोकळे होतात. घरी आले की तोंडाला कुलूप. सासूबाई म्हणायच्या, लहानपणी अडखळायचा म्हणून बोलायचा नाही. आता कुठं अडखळतात? सवय लागली, दुसरं काय."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर ज्याला घाम फुटला, तो माणूस फोनवर मोकळा होतो? उलट असतं तर पटलं असतं.

निरीक्षकांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "कंट्रोल रूमचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंयत का?"

"नाही."

ते ऐकवायचं की नाही, यावर बाई जरा घुटमळल्या. मग ऐकवलं. बायको मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे पुसले.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली. "फोनवर असेच बोलतात. खोटं कशाला सांगू? पण त्यांना खरंच वाटलं असेल हो, की तिघं वर आलेत."

निरीक्षकांनी बाईंकडे पाहिलं. आता आणखी काय हवंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. प्रत्यक्ष बायकोनंच ओळखलं होतं.

बाईंनी मात्र तीन दिवस दार लावून घेतलं. आवाजाचं पडद्यावर चित्र दिसतं, काळ्या-करड्या पट्ट्यांचं, आणि शब्दांच्या मधली शांतता दिसते ती पांढऱ्या फटींसारखी. एक्केचाळीस निरोप आणि ते नऊ सेकंद त्यांनी शेजारी शेजारी मांडले. स्वरांची घडण जुळली, श्वासाची जागा जुळली, वाक्याच्या शेवटी आवाज कुठं टेकतो तेही जुळलं. नऊ सेकंदांतला माणूस आणि एक्केचाळीस निरोपांतला माणूस एकच होता, असं म्हणायला भक्कम आधार होता.

मग त्यांनी साहेबांचा नमुना तिसऱ्या बाजूला मांडला आणि शब्द नव्हे, फटी पाहिल्या.

'द' आधी फट. 'त' आधी फट. 'प' आधी फट. वाचताना लांबलचक, गप्पांमध्ये अगदी लहान, पण प्रत्येक वेळी. जीभ दाताला किंवा ओठ ओठाला टेकायचा आणि शब्द तिथंच अडकून बसायचा. साहेब तो सुटेपर्यंत थांबत आणि पुढचं सगळं संथ करून टाकत, म्हणजे थांबणं उठून दिसू नये. शब्द फारच अवघड वाटला, तर बदलून टाकत. म्हणून 'गेट'. फोनवरच्या आवाजात अशी एकही फट नव्हती. 'दरवाजा', 'तिघंही', 'दमादमानं', सगळं कसं पाण्यासारखं.

साहेब नाटक करत नव्हते. साहेब लपवत होते, आणि ते भलतंच.

बाईंनी निरीक्षकांना सांगून त्यांना पुन्हा बोलावलं. निरीक्षक कोपऱ्यात बसले. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"तुम्ही कधीपासून अडखळता?"

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी काहीतरी सोडून दिल्यासारखे खांदे खाली पाडले आणि बोलले, या वेळी न सावरता.

"द... द... दुसरीत होतो. त... त... तेव्हापासून."

"आणि फोनवर?"

"फोनवर समोरचा द... दिसत नाही. मग अजून वाढतं. फोन उचलला की गळा आवळतो."

"मग कंट्रोल रूमला रोज फोन कोण करतं?"

निरीक्षक मध्ये बोलणार होते, बाईंनी हातानं थोपवलं.

"मुकादम," साहेब म्हणाले. "त्याला सगळ्यांचे आवाज येतात. क... कामगार त्याला रेडिओ म्हणतात. एकदा मी फोन हातात धरून नुसता उभा होतो. त्यानं तो घेतला आणि माझ्या आवाजात बोलला. सहा वर्षं झाली. तो माझ्यासारखा बोलतो मॅडम, प... पण माझ्यापेक्षा बरा."

"आणि घरी?"

"उशीर होणार असला की त्यालाच सांगायचो. घरी फोन कर म्हणून. म... माझा फोन टेबलावरच असायचा."

निरीक्षक उठून उभे राहिले. "महिनाभर आम्हाला का नाही सांगितलंत हे?"

"मग तुम्ही विचारलं असतं, त... तो तुमच्या आवाजात का बोलतो."

एवढंच. तुरुंग चालला असता, पण हे सांगणं नको. बाईंना राग आला आणि त्या रागाला कुठं ठेवावं ते कळेना. निरीक्षकांना मात्र काहीच पटलं नव्हतं. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "वरच्यानं खालच्यावर ढकलायचं, हे जुनंच आहे. उद्या मुकादम म्हणेल, मी नाही. मग?"

"मग त्यालाही ऐकू," बाई म्हणाल्या.

मुकादम आला. किडकिडीत, बुटका, सारखा हसरा. आवाज पातळ, वरच्या पट्टीतला. साहेबांच्या आवाजाशी त्याचं नखाएवढंही साम्य नव्हतं. त्यानं कागद घडाघडा वाचून दाखवला. नक्कल? छे, कोण म्हणतं? चहाच्या वेळी करमणूक म्हणून कधीतरी. साहेबांची तर कधीच नाही, पोटावर पाय कोण आणील?

बाईंनी निरीक्षकांना बाहेर नेलं. "याच्या साध्या आवाजावरून मी काहीच सांगू शकत नाही. नक्कल करणारा स्वतःला दडवतो. साहेबांचा तो आवाज नाही, असं मी लिहीन. याचा आहे, असं नाही लिहिणार."

"म्हणजे सुटले दोघंही."

"माझं काम इथं संपलं. तुमचं नाही."

निरीक्षकांनी जरा विचार केला. मग आत गेले, मुकादमासमोर बसले आणि साहेबांच्या बायकोचा तो तीन वर्षांपूर्वीचा निरोप लावला.

"काळजी करू नकोस, बरं का..."

मुकादमाचं हसू गेलं. तो जमिनीकडे पाहू लागला. निरोप संपला तरी पाहतच राहिला.

"वहिनींनी हे ठेवलंय अजून?" त्यानं विचारलं.

"ठेवलंय."

"त्या दिवशी साहेब खाली पंपाशी होते. मी फोन घेतला, नेहमीसारखा साहेबांच्या आवाजात. तर वहिनी रडायलाच लागल्या. गाठ, डॉक्टर, काय काय सांगत होत्या. मी काय बोलणार? दुसऱ्याची बायको. घाबरून फोन ठेवला. मग राहवेना. म्हटलं, साहेब असते तर काय बोलले असते? तेवढं बोलून पाठवून दिलं. साहेबांना म्हटलं, वहिनींना बरं नाही, घरी जा. कशानं बरं नाही ते माझ्या तोंडून कसं सांगायचं? तेही सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"आणि बोगद्याच्या दिवशी?" निरीक्षकांनी विचारलं.

मुकादमानं ते सांगितलं, सगळं एका दमात, स्वतःच्या पातळ आवाजात. साहेब गोदामात होते. तो ऑफिसच्या खिडकीतून बघत होता. बोगद्याच्या तोंडाशी पिवळे कोट घातलेली तीन माणसं उभी दिसली. त्यानं मोजली, एक, दोन, तीन. पाण्याची वेळ उलटून गेली होती, वरून दोनदा विचारणा झाली होती. त्यानं फोन उचलला. तिसरा पिवळा कोट इलेक्ट्रिशियनचा होता. तो दिवे काढायला आला होता. नंतर मुकादम वाट पाहत राहिला, साहेब आपलं नाव घेतील म्हणून. साहेबांनी घेतलं नाही. मग यानंही नाही.

निरीक्षकांनी त्याचा जबाब लिहून घेतला आणि नमुन्यासाठी त्याला पुन्हा मायक्रोफोनसमोर बसवलं. बाई काचेपलीकडे होत्या. मुकादमानं डोळे मिटले, हनुवटी छातीकडे ओढून घेतली आणि त्या किडकिडीत देहातून भारदस्त, संथ, घोगरे साहेब बाहेर आले. बावीस वर्षांत बाईंच्या अंगावर असा काटा आला नव्हता. त्यांना मुकादमाची भीती वाटली आणि त्याच वेळी, का कोण जाणे, त्याचं बोलणं संपू नये असंही वाटलं.

अहवाल अकरा पानांचा झाला. निरोपांचा उल्लेख त्यात टाळता येण्यासारखा नव्हता. साहेबांच्या बायकोला तो कोर्टात पहिल्यांदा कळू नये म्हणून बाईंनी निरीक्षकांना विचारून तिला बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं. इतका वेळ संशय घेत आलेल्या बाईंना ते सांगताना शब्द सापडत नव्हते.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"एक्केचाळीसही?" तिनं विचारलं.

"हो."

"त्या दिवशी हे लवकर घरी आले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघितली, आता जवळ येतील, विचारतील. यांनी विचारलं, बरं वाटतंय का, मी म्हटलं हो, आणि यांनी पेपर उघडला. मी म्हटलं, जाऊ दे, फोनवर बोललेत की. तीन वर्षं तेवढ्यावर काढली हो मी." ती उठली. "माझा नवरा सुटतोय याचा मला आनंद व्हायला हवा. होईलही. जरा वेळ लागेल."

खटला दीड वर्षानं उभा राहिला. मुकादमानं गुन्हा कबूल केला होता. साहेबही सुटले नव्हते. फोन त्यांचा नसला तरी जबाबदारी त्यांची होती. ती दुसऱ्याच्या हाती देऊन ते मोकळे झाले होते, असा आरोप त्यांच्यावर नव्यानं लागला. वकिलानं सुचवलं, उत्तरं लिहून द्या. साहेबांनी ऐकलं नाही. पिंजऱ्यात उभे राहून ते बोलले. चार प्रश्नांना अर्धा तास लागला. न्यायाधीश घड्याळाकडे न पाहता थांबले. बायको मागच्या बाकावर बसली होती. एकदा साहेब एका शब्दावर इतका वेळ अडकले, की मागे कुणीतरी तो शब्द पुरवला. बायकोनं मान वळवून त्या माणसाकडे असं पाहिलं, की नंतर कुणी पुरवला नाही.

मुकादमाला चार वर्षांची शिक्षा झाली. साहेबांना दोन, आणि नोकरी गेली.

बाई साक्ष देऊन बाहेर पडल्या तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मेलेल्या कामगाराची बायको बसली होती. साठीची, पायांत रबरी चपला, मांडीवर पिशवी. तिनं बाईंना हात केला.

"तुम्हीच ना त्या आवाजवाल्या?"

"हो."

"आत तुम्ही काय सांगितलंत त्यातलं निम्मं मला कळलं नाही. माझ्या माणसाला मारलं कुणी? ज्याचा आवाज होता त्यानं, का ज्यानं काढला त्यानं?"

"मी आवाजापुरतंच सांगू शकते, आजी," बाई म्हणाल्या आणि ते उत्तर त्यांचं त्यांनाच फार तोकडं वाटलं.

म्हातारीनं मान हलवली, रागानं नव्हे. "मला वाटलंच. सगळे आपापल्यापुरतंच सांगतात." मग ती थोडी सरकली आणि बाकावर जागा केली. "त्यांचा आवाज काही कुणी रेकॉर्ड केला नाही. फावडं आत राहिलं होतं म्हणून परत गेले ते, ठाऊक आहे का तुम्हाला? सरकारी फावडं. लोकांची वस्तू म्हणून."

निरीक्षक गाडीपाशी थांबून बाईंना खुणावत होते. बाईंनी त्यांना जायची खूण केली आणि बाकावर बसल्या.

"कसे बोलायचे ते?" त्यांनी विचारलं.

"ते होय?" म्हातारी म्हणाली. तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.